नारोशंकराची घंटा आणि चांदीपची पेटी

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घट बसतात, अखंड दीप लागतो आणि नऊ दिवस कुळाचाराच्या घरांतून टाळ-घंटेचा ध्वनी निनादू लागतो. पूजेच्या आरंभी घंटा का वाजवावी, याचे उत्तर घरातील वडीलधारी मंडळी ठरलेले देतात: देवतांनी यावे आणि असुरी शक्तींनी निघून जावे म्हणून. म्हणजे ध्वनी एकच. पण तोच कोणास आवतण आणि तोच कोणास हकालपट्टी! लहानपणी मला या उत्तराचे मोठे कोडे वाटे. मागील नवरात्रात त्या कोड्याची पुन्हा आठवण झाली, ती देवळात नव्हे, तर वसई तालुक्यातील चांदीप गावी एका मोटारीत बसलो असताना. भाविक वाचकांस हे वाचून नवल वाटेल. मलाही वाटले होते.

मी नाशिक क्षेत्रीचा. आमच्या पंचवटीत गोदेच्या काठी नारोशंकरांनी १७४७ साली बांधलेले रामेश्वराचे देऊळ आहे. त्याच्या तटावर, नदीकडे तोंड करून, एक भली थोरली घंटा टांगलेली आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ च्या मे महिन्यात वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, त्या विजयाची ती खूण. वसईच्या अशा घंटा महाराष्ट्रात ठिकठिकाणी गेल्या. एक भीमाशंकरास आहे, एक वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर, आणि मेणवलीच्या घंटेवर बालयेशूला घेतलेल्या मेरीची आकृती आजही पाहावयास मिळते. ज्याचा आवाज गल्लीच्या या टोकाहून त्या टोकास जातो, अशा माणसास आम्ही नाशिककर ‘नारोशंकराची घंटा’ म्हणतो. बालपणी माझ्या मातोश्री मला हेच म्हणत. पुढे मी कीर्तनकार झालो तेव्हा त्या शब्दाचा अर्थ उपहासाचा न राहता योग्यतेचा झाला, कारण त्या काळी हजार माणसांपुढे निव्वळ कंठाच्या बळावर उभे राहावे लागे.

सांगावयाचे ते असे, की ती घंटा ज्या मुलखातून आमच्याकडे आली, त्याच मुलखात नवरात्राच्या कीर्तनाचे निमंत्रण आले. भिवंडीमार्गे वज्रेश्वरीस आलो. वसई सर झाली तर मंदिर बांधीन, असा नवस चिमाजीअप्पांनी देवीस केला होता आणि विजयानंतर तो फेडला, ही कथा तेथे पायरीपायरीवर ऐकू येते. देवीचे दर्शन घेऊन, अकलोलीच्या ऊन पाण्याच्या कुंडावर हातपाय धुऊन, शिरसाडकडे जाणाऱ्या रस्त्याने चांदीपास पोहोचलो. भात पोटरीस आले होते. यजमानांच्या अंगणात मांडव पडला होता, आणि मांडवाच्या बाजूस एक लहानशी जुनी मोटार उभी होती. तिचा मागचा दरवाजा उघडा असून आत एक तरुण सुतारासारखा पटाशी घेऊन बसला होता.

तो यजमानांचा धाकटा बंधू. वय सव्वीस-सत्तावीस. पुढील आठवड्यात मोटारींतील ध्वनियोजनेची स्पर्धा असून तो तीत भाग घेणार आहे, असे यजमानांनी काहीशा संकोचाने सांगितले. संकोच माझ्यासाठी होता. विसर्जनाच्या आणि वरातीच्या मिरवणुकांतील ट्रकवरच्या भिंतींविषयी मी कीर्तनातून काय बोलतो, हे त्यांच्या कानी गेले होते. मीही मनात म्हटले, ‘घ्या! आता ती भिंत मोटारीतही शिरली.’ हा माझा पूर्वग्रह होता, आणि तो जाण्यास दोन दिवस लागले.

प्रथम लक्ष वेधले ते त्या पेटीने. आमच्या धंद्यात पेटी म्हणजे बाजाची पेटी. ही पेटी निराळी. जाड लाकडी फळ्यांची, सांधे डिंकाने आणि स्क्रूने घट्ट केलेली, कोठूनही वारा सुटू नये म्हणून आतून लांबी भरलेली. तिच्या तोंडाशी बारा इंची स्पीकर बसावयाचा. त्यास ही मंडळी ‘सब’ म्हणतात. खर्जाचे काम त्याचे. मी विचारले, “एवढा खटाटोप कशासाठी? स्पीकर नुसता ठेवला तर वाजत नाही का?” त्याने बॅटरीच्या दोन तारा लावून स्पीकर मोकळाच वाजवून दाखविला. खर्ज जणू नव्हताच! मग तोच स्पीकर पेटीत बसवून वाजविला आणि अंगणातील पत्रा थरथरला.

कारण त्याने आपल्या भाषेत सांगितले, ते मी माझ्या भाषेत सांगतो. स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. पेटी नसली तर पुढचा दाब कडेने मागे वळतो आणि दोन्ही एकमेकांस खाऊन टाकतात. पेटी मागच्या हवेस कोंडून ठेवते. कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागते. पेटी लहान झाली तर खर्ज ताठर होतो, मोठी झाली तर ढिला पडतो. म्हणून पेटीच्या पोटाचे माप लिटरांत काढावे लागते आणि स्पीकरने व्यापलेली जागा त्यातून वजा करावी लागते. दुसऱ्या जातीच्या पेटीस एक नळी ठेवतात. सुरईच्या तोंडावर फुंकर घातली असता जो घुमारा उठतो, त्याच न्यायाने ती नळी एका ठराविक स्वरास पाठबळ देते. हेल्महोल्त्झ या जर्मन शास्त्रज्ञाने गेल्याच्या मागील शतकात या पोकळीच्या नादाचा शास्त्रोक्त अभ्यास केला. पण पोकळी नाद वाढविते, हे आपल्या कारागिरांस केव्हापासून ठाऊक! मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा दुसरे काय करतो? पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला वाळला भोपळा हाती घेऊन, टिचकी मारून, त्याचा आवाज ऐकून मगच तो निवडणारे कारागीर मी पाहिले आहेत. त्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, हे वाचून फार समाधान वाटले. आणि चांदीपच्या आसपासच्या वारली पाड्यांवर दिवाळीच्या सुमारास तारपा घुमतो, त्याचे पोटही दुधी भोपळ्याचेच असते.

हे मी बोलून दाखविले तेव्हा तो तरुण थांबला आणि म्हणाला, “बुवा, म्हणजे आपला धंदा एकच.” असे एकदम म्हणणे मला त्या क्षणी रुचले नाही. मी संध्याकाळच्या आख्यानाच्या तयारीस निघून गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने विजेची बाजू दाखविली. ही बाजू वाचकांनी, विशेषतः ज्यांच्या घरी अशा हौसेची मुले आहेत त्यांनी, नीट ध्यानात घ्यावी. मोटारीची बॅटरी बारा व्होल्टची. घरच्या विजेच्या मानाने दाब अगदी कमी, त्यामुळे तेवढेच काम करावयास प्रवाह पुष्कळ लागतो. एक हजार वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण जोरात चालला तर नव्वद अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो. लहान मोटारीतील वीज तयार करणारा अल्टरनेटर कित्येकदा एवढाही देऊ शकत नाही. मग ठोक्याठोक्यास पुढचे दिवे मिचमिचतात. एवढा प्रवाह बारीक तारेतून नेला तर तार तापते, वरचे आवरण वितळते आणि गाडी पेट घेते. म्हणून करंगळीएवढी जाड तांब्याची तार हवी, आणि बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज हवा. तो फ्यूज ॲम्प्लिफायरच्या रक्षणासाठी नसून तारेच्या व गाडीच्या रक्षणासाठी आहे, हे त्याने मला दोनदा बजावले. स्वस्तात काम करून देणारे हा फ्यूज गाळतात, असेही तो म्हणाला. कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आणि लॅमिंग्टन रोड हे त्याचे पंढरीचे रस्ते. महिन्याच्या पगारातून चार पैसे बाजूस टाकून एकेक वस्तू त्याने आणली होती. दारांच्या पत्र्यांस आतून डांबरासारखे जाड थर चिकटविले होते. पत्रा स्वतः वाजू लागला तर गाणे ऐकू येत नाही, हे त्याचे कारण. मृदंगास शाई लावतात, तसे.

पुढे त्याने जे सांगितले त्याने मात्र मी खरोखर विस्मित झालो.

आपल्याकडे चालक उजव्या बाजूस बसतो. उजव्या दाराचा स्पीकर त्याच्या अगदी जवळ, डाव्या दाराचा दूर. समजा हे अंतर सत्तर सेंटिमीटरने अधिक-उणे आहे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागात चौतीस सेंटिमीटर. तेव्हा उजवीकडचा आवाज डावीकडच्यापेक्षा दोन सहस्रांश सेकंद आधी कानी येतो. एवढ्याशा काळाने काय होते? सर्व काही होते! कान प्रथम आलेल्या ध्वनीवर विश्वास ठेवतो आणि गायक समोर न बसता उजव्या दारात जाऊन बसतो. यावर उपाय म्हणून हे लोक एका यंत्राद्वारे जवळच्या स्पीकरला दोन सहस्रांश सेकंद थांबवून ठेवतात. त्याने मला चालकाच्या जागी बसविले, दारे लावली, एक मराठी भावगीत सुरू केले आणि ती योजना बंद ठेवली. आवाज उजव्या गुडघ्याजवळ. मग योजना सुरू केली. गायिका समोरच्या काचेपलीकडे, बरोबर मध्ये, जणू मोटारीच्या पुढ्यात उभी राहिली! तबला तिच्या किंचित डावीकडे, बासरी पलीकडे. मी डोळे मिटून ऐकत राहिलो. आवाज मोठा मुळीच नव्हता. यजमान बाहेरून “बुवा, चहा” म्हणाले तेही स्वच्छ ऐकू आले.

नाट्यशास्त्रात पुष्करवाद्यांच्या उत्पत्तीची कथा आहे. अनध्यायाच्या दिवशी स्वाती ऋषी सरोवरावर पाणी आणावयास गेले असता पाऊस सुरू झाला. लहान, मध्यम आणि मोठ्या कमलपत्रांवर पडणाऱ्या धारांचे निरनिराळे नाद त्यांनी ऐकले, मनात ठेवले आणि आश्रमात येऊन तशी वाद्ये घडविली. या कथेत ऋषी प्रथम काही वाजवीत नाहीत, ते ऐकतात. मोटारीत बसून पानापानाचा नाद वेगळा ऐकू येण्यासाठी धडपडणाऱ्या त्या तरुणाकडे पाहून मला ही कथा आठवली, आणि आदल्या दिवशीच्या त्याच्या उद्गाराचा राग मावळला.

तथापि या स्पर्धांचे दोन पंथ आहेत आणि दोहोंची गल्लत होऊ नये. एका पंथात मोजतात तो केवळ आवाजाचा दाब. मोटारीत मापनयंत्र ठेवतात, काचा लावतात आणि काही सेकंद एकच स्वर पूर्ण शक्तीने सोडतात. ज्याचे डेसिबल अधिक तो जिंकला. अमेरिकेत या प्रकाराचे फार स्तोम झाले. १७० डेसिबलच्या वर मजल गेली. त्यासाठी दारांत काँक्रीट ओतलेल्या, जाड काचा बसविलेल्या गाड्या तयार झाल्या. त्या गाड्यांत वाजवितेवेळी कोणी बसत नाही, बसूच शकत नाही. ज्या वाद्याजवळ वाजविणाराही थांबू शकत नाही, त्यास वाद्य म्हणावे की तोफ, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरा पंथ परीक्षकाच्या कानाचा. आयास्का ही अमेरिकेतील आणि एम्मा ही युरोपातील संस्था अशा स्पर्धांचे नियम करतात, आणि त्या धर्तीवर आपल्याकडेही स्पर्धा झाल्या आहेत. परीक्षक गाडीत बसतो, ठरवून दिलेले ध्वनिमुद्रण ऐकतो आणि गुण देतो: आवाज मुळाशी इमानी आहे का, गायक-वादक आपापल्या जागी बसले आहेत का, लहान आवाजात व मोठ्या आवाजात तोल तसाच राहतो का, तारजोडणी नेटकी व निर्धोक आहे का, आणि गाणे नसताना यंत्रणेचा स्वतःचा काही आवाज येतो का. ही यादी ऐकताना मला देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाची आठवण झाली. तेराव्या शतकातील त्याच्या संगीतरत्नाकरात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. त्यात नीरसपणे ओरडणारा आहे, कावळ्यासारख्या कर्कश गळ्याचा आहे, शब्द अस्पष्ट करणारा ‘अव्यक्त’ आहे, स्थान सोडून भलतीकडे जाणारा ‘स्थानभ्रष्ट’ आहे. ‘आवाज लहान’ म्हणून कोणास दोषी ठरविल्याचे मात्र त्यात आढळत नाही. गंमत अशी की, हा शार्ङ्गदेव राजदरबारी हिशेबाचे कामही पाही. गुणपत्रक करण्याची सवय त्यास तेथूनच लागली असावी, असा माझा तर्क!

या तरुणानेही आरंभ पहिल्या पंथात केला होता. गावोगावच्या वरातींत, मित्रांच्या टेम्पोवर, कोणाची भिंत भारी या ईर्षेत त्याची तीन-चार वर्षे गेली. वॅट वाढवून आवाज वाढतो, पण किती? शक्ती दुप्पट केली तर केवळ तीन डेसिबल वाढतात. कानास आवाज दुप्पट वाटावा म्हणून शक्ती जवळजवळ दसपट करावी लागते. म्हणजे शेजारच्या मंडळापेक्षा थोडेसे वरचढ वाटण्यासाठी कर्ज काढून ट्रकभर पेट्या आणाव्या लागतात आणि पुढच्या वर्षी शेजारचे मंडळ आणखी आणते. या शर्यतीस अंत नाही. पश्चिम महाराष्ट्रात या भिंतींना सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. आता हा रे डॉल्बी कोण, तर १९६३ ते १९६५ या काळात संयुक्त राष्ट्रसंघाचा सल्लागार म्हणून भारतात राहिलेला एक अमेरिकन अभियंता. येथून लंडनला परतून १९६५ मध्ये त्याने संस्था काढली, आणि तिचा पहिला लौकिक झाला तो ध्वनिफितीवरची खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळे. ज्याने गोंगाट कमी करण्यात कीर्ती मिळविली, त्याचे नाव आम्ही गोंगाटालाच दिले! दैवदुर्विलास याहून निराळा तो कोणता?

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई असून, वर्षातील पंधरापेक्षा अधिक नाहीत इतक्या दिवसांपुरती राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. वस्तीच्या भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात, दुसऱ्यास जबरदस्तीने ऐकविण्याचा अधिकार कोणास नाही, हे सांगून टाकले. ते सर्व खरे. पण कीर्तनकार म्हणून मला एक कबुली दिली पाहिजे. देवळात प्रथम कर्णे लावले ते आम्हीच. सभामंडपात दीडशे माणसे असताना कळसावर चार कर्णे बांधून गावाच्या शिवेपर्यंत आख्यान पोहोचविण्याची हौस आमचीच. शेजारच्या घरी आजारी माणूस असेल, परीक्षेस बसलेले मूल असेल, हा विचार पुण्यकर्माच्या भरात आमच्या मनास शिवला नाही. ट्रकवरच्या मुलांस दोष देताना माझी जीभ आता थोडी अडखळते.

आता मुख्य गोष्ट. अष्टमीच्या दिवशी दुपारी त्या तरुणाने मला पुन्हा गाडीत बसविले. इंजिन सुरू ठेवून, गाणे बंद करून, आत काही आवाज येतो का, हे ऐकावयाचे होते. अल्टरनेटरची एक बारीक शीळ तारांतून स्पीकरमध्ये शिरते. इंजिनाचा वेग वाढला की तीही चढते. स्पर्धेत तिचे गुण कापले जातात. त्याने कान देऊन ऐकले, काही नाही. मी ऐकले, काही नाही. दोघेही संतुष्ट झालो. तेवढ्यात यजमानांची नऊ वर्षांची कन्या मागच्या आसनावर येऊन बसली आणि म्हणाली, “काका, ही शिट्टी कोण वाजवतंय?”

आम्ही एकमेकांकडे पाहिले. “कुठली गं?” त्याने विचारले. “ही काय! आता मोठी झाली,” ती म्हणाली. त्याचा पाय त्या क्षणी ॲक्सिलरेटरवर होता. त्याने पाय उचलला. “आता खाली आली.” त्याने इंजिन बंद केले. “गेली.” असे तीनदा झाले. मुलगी एकदाही चुकली नाही आणि आम्हां दोघांस एकदाही काही ऐकू आले नाही.

माझे सोडा. मी सत्तरीकडे झुकलेला. वयाबरोबर कानाचे वरचे स्वर जातातच. पण त्याचे वय सव्वीस-सत्तावीस! त्याचा चेहरा उतरला. मग त्याने सांगितले, की टेम्पोवरच्या रात्रींनंतर सकाळपर्यंत कानात रातकिडे ओरडत, आणि पुढे ते काही केल्या थांबेनात. कोणास सांगितले नाही. म्हणूनच त्याने भिंतींचा नाद सोडून हा दुसरा मार्ग धरला होता. उरलेला कान तरी नीट वापरावा म्हणून. तो कान किती उरला आहे, याचा अंदाज मात्र त्यास त्या दिवशीच आला.

कानाच्या आत शंखाकृती कोशात केसासारख्या सूक्ष्म पेशी असतात. एका कानात सुमारे पंधरा-सोळा हजार. अति आवाजाने त्या मोडतात आणि माणसांत त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रथम मोडतात त्या चार हजार कंपनांच्या आसपासचे स्वर घेणाऱ्या. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलचा आवाज दिवसातून आठ तास सोसावा, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. त्या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटे उरतात. विसर्जनाची मिरवणूक किती तास चालते, हे वाचक जाणतात. आणि त्या चार हजाराच्या आसपासच व त्याच्या वर आपल्या भाषेतील शकार-सकार राहतात. ते गेले तर माणसास बोलणे ऐकू येते, पण शब्द कळत नाहीत. समोरचा ‘शाळा’ म्हणाला की ‘साळा’, हे ओठांवरून ताडावे लागते.

हे मला कसे ठाऊक? पाणिनीय शिक्षा शिकविताना मी विद्यार्थ्यांस वर्षानुवर्षे सांगत आलो, की वाघीण पिल्लास दातांत धरून नेते तसे वर्ण उच्चारावेत. पडू नयेत आणि दुखवूही नयेत. गेली दोन-तीन वर्षे विद्यार्थी म्हणत असलेला तालव्य शकार आणि मूर्धन्य षकार मला वेगळे ऐकू येत नाहीत. मी ते कोणास सांगितले नव्हते. चाळीस वर्षे उजव्या कानाजवळ झांज आणि डाव्या बाजूस कर्णा, यांच्यामध्ये मी उभा राहिलो आहे. त्या मोटारीत बसून, तो तरुण आपले दुखणे सांगत असता, मीही माझे सांगितले. मागच्या आसनावरची मुलगी ऐकत होती. तिला त्यातील गांभीर्य किती कळले, देव जाणे, तिने आपल्या काकांस एवढेच विचारले, “मग मी ऐकून सांगू का?”

तिने सांगितले, आणि त्याने शीळ शोधली. ॲम्प्लिफायरची जमिनीची तार गाडीच्या रंगावरच घट्ट केलेली होती; रंग खरवडून ती उघड्या लोखंडास लावली, आणि ध्वनीच्या तारा विजेच्या जाड तारेपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या अंगाने ओढल्या. अष्टमीची संध्याकाळ त्यात गेली. कीर्तनास तो आला नाही आणि मीही त्याची वाट पाहिली नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास, आरतीची तयारी चालली असताना, मुलगी धावत मांडवात येऊन माझ्या कानाशी म्हणाली, “बुवा, गेली शिट्टी.”

दसऱ्यानंतर स्पर्धा झाली. त्याचा क्रमांक आपल्या गटात तिसरा लागला. गुणपत्रकाचे छायाचित्र त्याने मला मोबाइलवर पाठविले. स्वरांच्या इमानाच्या रकान्यात गुण बेताचे होते, आणि यंत्रणेच्या स्वतःच्या आवाजाच्या रकान्यात पूर्ण. त्याखाली त्याने लिहिले होते की, वरचे स्वर त्याने थोडे अधिक ठेवले होते असे परीक्षकांचे म्हणणे पडले. अधिक ठेवणारच, त्यास ते कमी ऐकू येतात. त्याच आठवड्यात त्याने कानांची तपासणी करून घेतली, आणि त्याच्या आग्रहावरून मीही नाशकात करून घेतली. आमचे दोघांचे आलेख त्याने शेजारी शेजारी ठेवून पाठविले. चार हजारांपाशी दोन्ही रेषा खाली गेल्या आहेत. माझी अधिक खोल, आणि ती पुढे वर येत नाही.

यंदाही चांदीपचे निमंत्रण आले आहे. कर्णे नकोत, मांडवापुरते दोन लहान स्पीकर पुरेत, असे मी कळविले. त्याची मांडणी तोच करणार आहे. माझी झांज डाव्या हातात घेण्याचा सराव सध्या चालू आहे. या वयात ते सोपे नाही. आवाज किती असावा, हे मांडवात बसून ठरविण्याचे काम त्या मुलीकडे सोपविले असून, तिने बोट वर केले की काकांनी आवाज खाली घ्यावा, असा करार तिघांत झाला आहे.